तुझ्या टाकीखालच्या टाकीविषयी

प्रिय चिनू,



परवा फोनवर तू ऑफिसच्या गडबडीत होतास, म्हणून म्हटलं, सगळं लिहूनच पाठवावं. नागपुरात खाऱ्या पाण्याची टाकी करायची असं तू मनावर घेतलंयस. तीन बाय दीड बाय दीड फुटांची टाकी ठरवून झाली आहे, आणि तुझा प्रश्न एवढाच आहे की खाली सम्प हवाच का, की मागे टांगायच्या फिल्टरवर भागेल? भागेल. लहान टाकीत पुष्कळ लोक भागवतात. तरी तू सम्प करच असं मी म्हणणार आहे. का, ते पुढे येईलच.

आधी तुझी दुसरी सूचना निकालात काढते. रत्नागिरीहून समुद्राचं पाणी कॅनमधून न्यायचं मनातून काढून टाक. पावसाळ्यात नद्या-पऱ्यांचं गोडं पाणी मिसळून किनाऱ्याच्या पाण्याचा खारेपणा खाली येतो. मिरकरवाडा बंदराच्या बाजूला बोटींचं डिझेल, गावाचं सांडपाणी आणि मासळी धुतल्याचं पाणी, हे सगळं त्यातच. शिवाय दर पंधरवड्याला थोडं पाणी बदलायचं असतं. तेवढ्यासाठी तू कोकणात फेऱ्या घालणार आहेस का? यायचं तर मला भेटायला ये. पाणी तिथेच बनव.

आता सम्प. वरच्या टाकीच्या कोपऱ्यात काचेची एक छोटी खोली असते, तिला ओव्हरफ्लो बॉक्स म्हणतात. तिच्या दातेरी कडेवरून पाण्याचा वरचा थर सतत आत सांडतो आणि पाइपातून कपाटातल्या दुसऱ्या टाकीत उतरतो. तिथे दोन-तीन कप्पे फिरून शेवटच्या कप्प्यातल्या पंपाने पुन्हा वर जातो. तेलकट, प्रथिनांची साय पृष्ठभागावरच साठते, ती अशी आपोआप निघून जाते. हीटर, स्किमर ही सगळी अडगळ खाली लपते. एकूण पाणी वाढतं, आणि पाणी जितकं जास्त तितकी चूक पचवायची त्याची ताकद जास्त.

पाणी फिरत असताना कुठलाही सम्प शहाणाच दिसतो. त्याची परीक्षा पंप थांबल्यावर होते. पंप थांबणार, हे तर आपल्याकडे गृहीतच धरायचं. म्हणून दुकानदार तुला 'किती लिटरची टाकी, किती वॅटचा पंप' असं विचारेल तेव्हा तू त्याला दोनच गोष्टी विचार: लाइट गेली तर पाणी कुठे जाईल, आणि खाली उतरणारा पाइप तुंबला तर कुठे जाईल? या दोन प्रश्नांची उत्तरं सेंटिमीटरमध्ये मिळाली की सम्प आखून झाला. मिळाली नाहीत तर सूनबाईच्या नव्या फरशीवर मिळतील.

पहिला हिशेब लाइट गेल्याचा. तुझी टाकी ९० बाय ४५ सेंटिमीटर, म्हणजे तिच्यातलं एक सेंटिमीटर पाणी हे चार लिटरच्या थोडं वर. पंप थांबला की दोन वाटांनी पाणी खाली येतं. ओव्हरफ्लोच्या कडेपर्यंतचं पाणी सांडतं, ही एक वाट. दुसरी लोक विसरतात: वर पाणी नेणारा पाइप आता सायफन होतो आणि त्याचं तोंड उघडं पडेपर्यंत टाकीतलं पाणी उलटं खेचत राहतो. ते तोंड पाण्याखाली २ सेंटिमीटरवर असेल तर ८ लिटर पाणी येईल. ओव्हरफ्लो बॉक्समधलं, पाइपातलं आणि स्किमरमधलं मिळून आणखी सात धर. एकूण १५ लिटर.

सम्प समज ६० बाय ३५ बाय ४० उंच. त्याच्यात एक सेंटिमीटर म्हणजे २.१ लिटर. १५ लिटर आले की पातळी साधारण ७ सेंटिमीटर वर जाईल. चालू असताना पातळी २२ ठेवलीस तर २९ ला थांबेल. वर ११ सेंटिमीटर मोकळे, निवांत झोप. पण हेच पाइपाचं तोंड 'पाण्यात खोल बरं दिसतं' म्हणून १० सेंटिमीटर खाली नेलंस तर नुसत्या टाकीतून ४० लिटर उतरतील. वरचे सात धरले की पातळी साडेबावीस सेंटिमीटर वाढेल. २२ अधिक साडेबावीस, आणि सम्पची उंची ४०. उरलेलं दहाएक लिटर खारं पाणी जमिनीवर. बाकी सगळं तेच, फरक फक्त एका पाइपाच्या तोंडाचा. आणि सम्पमधल्या उभ्या काचा आणि सामानही जागा खातात, म्हणून हिशेबापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर जास्तच सोड.

प्लंबर म्हणेल, 'नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकू, काम झालं.' टाकू दे, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस. खाऱ्या पाण्यात त्या झडपेवर चुन्याचे थर चढतात, एखादी गोगलगाय अडकते, आणि नेमक्या वेळी ती पुरती मिटत नाही. त्यापेक्षा पाणी वर नेणाऱ्या पाइपाला टाकीतल्या पातळीच्या जरा खाली पाच-सहा मिलिमीटरचं भोक पाड. पातळी तिथवर आली की हवा आत शिरते आणि सायफन तुटतो. हे भोक शेवाळाने बुजतं, म्हणून पाणी बदलताना दर वेळी त्यातून काडी फिरवायची.

दुसरा हिशेब पाइप तुंबल्याचा. उतरता पाइप बंद झाला आणि पंप चालूच राहिला तर शेवटच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर जाईल. म्हणून तो कप्पा मुद्दाम लहान ठेवायचा. २० बाय ३५ चा कप्पा असेल, पाणी २२ सेंटिमीटर असेल आणि पंप ५ सेंटिमीटरवर हवा ओढायला लागत असेल, तर वर जाणारं पाणी झालं १२ लिटर. वरच्या टाकीत ते ३ सेंटिमीटर चढेल. टाकी काठापासून ४ सेंटिमीटर रिकामी ठेवलीस तर सुटलास.

तरीही उतरते पाइप दोन ठेव. या रचनेला हर्बी म्हणतात. एक मुख्य, त्यावर गेट व्हॉल्व्ह. तो हळूहळू आवळत गेलं की पाइप पूर्ण पाण्याने भरतो, हवा ओढत नाही आणि गुळगुळ आवाज थांबतो. दुसरा आपत्कालीन, तोंड जरा उंचावर, एरवी कोरडा किंवा नुसता ओलसर. त्याच्यावर कधीही कुठलाही व्हॉल्व्ह बसवू द्यायचा नाही, प्लंबर कितीही समजावो. भोकं काच टफन करण्याआधी पाडावी लागतात. टफन केलेल्या काचेला ड्रिल लावलं की तिचे तुकडेच होतात. म्हणून टाकी बनवणाऱ्याला तळाची काच कोणती, हे आधीच विचारून ठेव.

आणखी एक, प्लंबर चांगल्या मनाने पितळी व्हॉल्व्ह आणेल. 'प्लॅस्टिकपेक्षा टिकतो ताई' असं मला इथे नेहमी ऐकवलं जातं. पितळात तांबं असतं, आणि तांबं कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ या मंडळींना विष. सगळं यूपीव्हीसीचं घे. पाइप आवळायच्या पट्ट्या प्लॅस्टिकच्या. कप्प्यांच्या काचा चिकटवायला साधं, व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन. बाथरूमसाठी मिळतं ते बुरशीरोधक नको, त्यातलं औषध माशांना बाधतं.

आता कप्पे. पहिल्यात पाइपाखाली कापडी पिशवी. ती दर तीन-चार दिवसांनी धुवायची. आठवडाभर विसरलास तर तिच्यात अडकलेली घाण तिथेच कुजून पाण्यातच उतरते. त्याच कप्प्यात किंवा पुढच्यात प्रोटीन स्किमर. तो बारीक बुडबुड्यांचा फेस करतो. विरघळलेले सेंद्रिय कण हवेच्या आणि पाण्याच्या सीमेला चिकटतात, फेसाबरोबर वरच्या कपात जातात आणि तिथे चहासारखं तपकिरी, उग्र वासाचं पाणी जमतं. हा कचरा सडून अमोनिया होण्याआधीच बाहेर निघतो. स्किमर लहरी असतो, त्याला ठरावीक खोलीचं पाणी लागतं. म्हणून त्याच्या कप्प्याची पातळी काचेच्या आडभिंतीने बांधून टाकायची, कमी-जास्त होता कामा नये. किती खोली हवी ते त्याच्या पत्रकात असतं. आडभिंतीची उंची ते बघून ठरव. उलटं केलंस तर स्किमरखाली विटा रचत बसशील.

मधे जागा उरली तर कीटोमॉर्फा नावाचं शेवाळ ठेव, तारांच्या हिरव्या गुंत्यासारखं दिसतं ते. नायट्रेट आणि फॉस्फेट खाऊन ते वाढतं. तू मूठ-मूठ काढून फेकायचंस. त्याचा दिवा रात्री लाव, वरचा दिवा बंद असताना. रात्री टाकीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो, तो त्यामुळे सावरतो. पण पहिल्या चार-सहा महिन्यांत हे नसलं तरी अडत नाही.

शेवटच्या कप्प्याआधी तीन काचा: पाणी एकीवरून, दुसरीखालून, तिसरीवरून. मधल्या फटी तीनेक सेंटिमीटरच्या. बुडबुडे इथे वर येऊन फुटतात. नाहीतर वरच्या टाकीत सोड्यासारखी फेसाळ दिवाळी. पंप १५०० ते २००० लिटर ताशीचा पुरे. डब्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, सव्वा मीटर चढवून आणि दोन-तीन एल्बो पार करून त्यातलं निम्म्याहून थोडं अधिक उरलं तरी सम्पचं भागतं. वरचा प्रवाह वेव्हमेकर, म्हणजे टाकीतच बसवायचा छोटा पंप, देईल. सम्पमधून पाणी धबधब्यासारखं पळवण्यात काही फायदा नाही, नुसता आवाज आणि बिल.

आता नागपूरचा खास प्रश्न: ऊन. पाणी २५-२६ अंशांवर राहायला हवं, २९ च्या पुढे गेलं की त्यात प्राणवायू कमी आणि प्राण्यांना धाप. चिलर महाग आहे. पण तुमच्याकडे मे महिन्यात वाळ्याचा कूलर ज्या कारणाने घर गार करतो, त्याच कारणाने सम्पवर लावलेला छोटा पंखा पाणी गार करतो: एक लिटर पाण्याची वाफ होताना पाऊणएक युनिट विजेइतकी उष्णता जाते. माझ्याकडे, रत्नागिरीच्या दमट हवेत, पंखा फारसं काही करत नाही. तुमच्या कोरड्या उन्हात तो दोन-तीन अंश सहज उतरवेल. जुलैत हवा ओली झाली की त्याचा जोर ओसरेल, पण तेव्हा ऊनही ओसरलेलं असतं. मात्र खोलीच ४० वर जात असेल तर पंखा पुरणार नाही. टाकी एसीच्या खोलीत ठेव किंवा चिलरचे पैसे बाजूला काढ.

पंख्याची किंमत अशी की रोज तीन-चार लिटर पाणी उडून जाईल. वाफ गोड्या पाण्याची होते, मीठ मागे राहतं. तुझं एकूण पाणी २०० लिटर धरलं, तर १० लिटर उडाल्यावर दर हजारी ३५ चा खारेपणा ३६.८ होतो. सम्पची गंमत अशी की ही सगळी घट शेवटच्या कप्प्यातच दिसते, वरची पातळी हलत नाही. आणि तो कप्पा तर आपण मुद्दाम लहान केलाय: ३ लिटर गेले की तिथे ४ सेंटिमीटरची घट. म्हणजे पूर टाळायला लहान कप्पा हवा, उन्हाळ्याला मोठा. ही ओढाताण सोडवायला ऑटो टॉप-ऑफ लागतो. तो पातळी बघून बाजूच्या डब्यातलं गोडं पाणी आत सोडतो. त्याचा डबा मोठा घेऊन आठ दिवस सुटी मिळेल असं समजू नकोस. पाइप तुंबून कप्पा रिकामा झाला तर यंत्राला वाटेल पाणी उडालं, आणि ते सगळा डबा ओतून मोकळं होईल. २० लिटर गोडं पाणी गेलं तर ३५ चे ३१.८ होतात. १० लिटरचा डबा ठेव, तीन दिवसांनी भर.

हे पाणी आरओचंच हवं. घरच्या आरओला चव येण्यासाठी टीडीएस वाढवायची सोय असते, ती बंद करून किंवा वगळून घे, पुढे डीआय रेझिनची नळी लाव, आणि मीटरवर शून्य किंवा एक दिसलं तरच वापर. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. समुद्रात सोडियम-क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियमही असतं. मत्स्यालयाचं मीठ २०० लिटरला सात किलोच्या आसपास लागेल. पिंपात पंप लावून एक दिवस घोळव, रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ मोज, मगच टाकीत.

विजेचं तुझ्या काकांनी मुद्दाम लिहायला सांगितलंय. सम्पच्या कपाटात सॉकेट पाण्याच्या वर, एका कडेला. प्रत्येक वायर सॉकेटपर्यंत सरळ न नेता आधी खाली झोळ देऊन मग वर ने, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाला टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. या टाकीच्या लाइनला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी पाहिजेच, यात काटकसर नाही. इन्व्हर्टर साइनवेव्ह असू दे, नाहीतर पंप घुरघुरतात. त्यावर आधी वेव्हमेकर घे. पाच-दहा वॅटमध्ये तो पृष्ठभाग हलता ठेवतो आणि माशांना श्वास मिळतो. मुख्य पंप तासभर थांबला तर काही बिघडत नाही. तो थांबेल हे धरूनच आपण सगळं आखलंय.

कपाटाचं मापही आत्ताच घे. दोन टाक्या, पाणी, दगड, वाळू मिळून वजन तीनशे किलोच्या आसपास जाईल, म्हणून भिंतीलगत, बीमच्या बाजूला. कपाटाची आतली उंची एवढी हवी की स्किमरचा कप सरळ वर उचलता येईल. आणि दार एवढं रुंद हवं की वरची टाकी भरलेली असतानाही सम्प बाहेर काढता येईल. सुतार मधे एक उभी पट्टी मारतो 'मजबुतीसाठी', आणि सम्प आत कायमचा कैद होतो.

प्राण्यांचं थोडक्यात. प्रवाळ, समुद्रघोडे, मोठे ट्रायडॅक्ना शिंपले हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. मालवणला डुबकी मारताना उचललेला प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा त्यातच आला. दुकानात कुणी 'लाइव्ह रॉक' म्हणून समुद्रातला दगड दाखवला तर हात जोडून बाहेर पड. कृत्रिम, सच्छिद्र दगड घे, त्यात जिवाणू वसायला वेळ लागतो एवढंच. क्लाउनफिश टाकीत पैदास केलेलेच माग. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र आपल्याकडे केव्हाच बसवलंय. समुद्रातून पकडलेल्यापेक्षा ते खातातही नीट आणि जगतातही जास्त. सुरुवातीला एक जोडी पुष्कळ झाली.

पण तेही लगेच नाही. आधी टाकीत नुसतं गोडं पाणी भरून दोन दिवस चालव, गळती बघ. मग पाच वेळा मेन स्विच बंद कर आणि दर वेळी सम्पमध्ये पाणी कुठे थांबलं तिथे काचेवर मार्करने रेघ मार. त्यानंतर मुख्य उतरत्या पाइपाच्या तोंडावर हात ठेवून आपत्कालीन पाइप सगळं पाणी पेलतो का ते बघ. मग दोन्ही पाइप बंद करून वरची टाकी काठाशी कुठे थांबते ते बघ. हे सगळं सूनबाईसमोर कर. तिला भीती पाण्याची आहे, माशांची नाही, आणि रेघ दिसली की माणसाचा विश्वास बसतो. त्यानंतर खारं पाणी, आणि अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत चार ते सहा आठवडे रिकामी टाकी. तेवढा काळ तुला पाहुणे 'मासे कुठेत?' विचारतील. विचारू देत.

टाकी ऑर्डर करायच्या आधी मला एक कागद पाठव: सम्पचं चित्र, कप्प्यांची मापं, आणि खाली दोन आकडे. लाइट गेल्यावर सम्पमध्ये पातळी किती, पाइप तुंबल्यावर वर किती. रंग, दिवे, मासे यांबद्दल मी काही बोलणार नाही, ती तुमची हौस. त्या दोन आकड्यांवर मात्र माझी सही झाल्याशिवाय दुकानदाराला ॲडव्हान्स देऊ नकोस.

सूनबाईला आशीर्वाद. काकांनी आठवण सांगितली आहे.

तुझी,
मावशी